दाखल्यावाचून सहावी

गुरुजी,

माझ्या नातीला सोमवारी सहावीच्या वर्गात बसविले. हे आधी सांगतो व बाकीचे नंतर, कारण अर्जातील मुद्दा पहिल्या ओळीत यावा, वाचणाऱ्यास तो शोधावयास लावू नये, असे तुम्हीच शिकविले आहे. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षे होऊन गेली. मी तुमच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो. माझ्या अंगाला मेंढरांचा वास येतो म्हणून माझ्या शेजारी कोणी बसत नसे, तेव्हा एके दिवशी तुम्ही आपले बसकर उचलून माझ्या शेजारी टाकले व सबंध सकाळ तेथूनच पाढे घेतले. इतके सांगितल्यावर तुम्ही मला ओळखले असेल. आता माझे वय शहात्तर आहे. डोक्याला पटका रोज स्वच्छ धुतलेला असतो आणि वाडीत मला चारचौघांत मान आहे, हे सांगण्यात मला संकोच वाटत नाही.

त्या मानाचे मूळ तुमच्या एका रागावण्यात आहे. मी चौथीत असताना लोकर कातरणीसाठी दोन दिवसांची रजा हवी होती. मी ती तोंडी मागितली. तुम्ही चष्म्यावरून पाहिलेत आणि म्हणालात, "तोंडी मागतो तो भिकारी, लेखी मागतो तो नागरिक. लिहून आण." मी लिहून आणले. तुम्ही परत केले. पुन्हा आणले, पुन्हा परत. "ओळी बघ जरा! तुझ्या बापाची मेंढरं याहून सरळ चालतात." असे पाच वेळा झाले. सहाव्या खेपेस अर्ज मंजूर झाला, तोपर्यंत कातरणी आटोपून चार दिवस होऊन गेले होते. परंतु मंजूर झालेली रजा वाया घालवू नये म्हणून मी दोन दिवस घरी नुसता बसून राहिलो आणि वडिलांचा मार खाल्ला. तेव्हापासून आजतागायत विजेच्या खांबापासून रेशनकार्डापर्यंत वाडीचे सर्व अर्ज मी लिहितो. माझा एकही अर्ज शब्दाच्या चुकीसाठी परत आलेला नाही. अन्य कारणांसाठी पुष्कळ आले.

आमचे वर्ष अजूनही पूर्वीसारखे दोन ठिकाणी वाटलेले आहे. मुळशीच्या पावसात मेंढरांचे खूर कुजतात, म्हणून मृगाच्या आधी मुलगा आणि सूनबाई कळप घेऊन दौंडच्या अंगाला, कोरड्या रानात उतरतात, व दिवाळी झाली की परत येतात. येताना आता माण गावातून काचेच्या इमारतींच्या कडेकडेने कळप आणावा लागतो, पहारेकरी हिंदीत ओरडतात आणि मेंढरे त्यांच्याकडे पाहत उभी राहतात. नात आईबापांबरोबर जाते, कारण माझ्या हातची भाकरी खाऊन लेकरू वाढावयाचे नाही. पावसाळ्यात ती तिकडच्या शाळेत बसते, दिवाळीनंतर इकडच्या. आणि प्रत्येक वेळी इकडे मुख्याध्यापिकाबाई म्हणतात, "तिकडचा दाखला आणा, मग बसवू." तो दाखला येता येत नाही. गेल्या वर्षी तो आला तेव्हा उन्हे तापू लागली होती. तोवर पोर मेंढरांमागे हिंडत होती. वरच्या वर्गात गेली खरी, पण तिचे अपूर्णांक अर्धेच राहिले आणि वर्गातल्या मुलींनी तिला काही नावे ठेवली. या वर्षी पुन्हा तेच सुरू झाले. अकरा दिवस ती दप्तर भरून ओसरीवर बसत होती. बाराव्या दिवशी तिने दप्तर खुंटीला लावले व मला म्हणाली, "आबा, औंदाबी तसंच झालं तर मी पुन्यांदा शाळंत जायाची न्हाई. सगळ्या म्हनत्यात, आली मेंढरांची मास्तरीन." ती हे रडून म्हणाली असती तर मी तिची समजूत घातली असती. तिने ते अगदी शांतपणे सांगितले, म्हणून मी घाबरलो.

आणि तरीही, गुरुजी, मी मुख्याध्यापिकाबाईंच्याच बाजूचा होतो. रात्रीच्या भाकरी चालल्या होत्या. मी सूनबाईस सांगितले की नियम म्हणजे नियम, दाखला नाही तर प्रवेश नाही, शाळेशी हुज्जत घालणे आपल्या घराण्याला शोभत नाही. सूनबाई नववीपर्यंत शिकलेली आहे. कळप इकडे असतो त्या महिन्यांत ती उरवड्याच्या कारखान्यात खोकी बांधावयास जाते. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारले, "मामंजी, तुमी कुनाच्या बाजूचं? पोरीच्या का शाळंच्या कपाटाच्या?"

"मी नियमाच्या बाजूचा आहे."

"मग वाचलाय का त्यो नियम?"

मी भाकरीचा तुकडा मोडला. न वाचताच मी आयुष्यभर नियमाच्या बाजूने उभा होतो, हे मला भाकरीच्या पहिल्या घासाला समजले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा तिच्या हातात कागदांची चळत होती. कारखान्यातल्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीने मोबाईलवर शिक्षणाच्या हक्काचा कायदा मराठीत शोधून दिला होता आणि सूनबाईने येताना पिरंगुटला झेरॉक्सच्या दुकानातून त्याच्या प्रती काढून आणल्या होत्या. तिने ते कागद माझ्या मांडीवर ठेवले. "घ्या. ह्यो तुमचा नियम. वाचा आता बोट धरून."

मी बोट धरूनच वाचला. तीन दुपारी लागल्या. गुरुजी, काय भाषा आहे! एकेक वाक्य नांगराच्या तासासारखे लांब, परंतु कोठे तुटत नाही. काही वाक्ये मी केवळ आनंदासाठी दोनदा वाचली, आणि शेजारची म्हातारी कोणते पुराण चालले आहे म्हणून ऐकावयास येऊन बसली. एका कलमापाशी मला मोठ्याने हसू आले. मुलास मारावयाचे नाही, त्याच्या मनाला टोचेल असेही वागावयाचे नाही, असे तेथे लिहिले आहे. तुमची ती लाल पट्टी आठवली. आज असता तर तिच्यापायी तुमची चौकशी लागली असती, आणि मीच तुमच्या बचावाचा अर्ज लिहिला असता, तोही सहा वेळा.

मग मागची पाने पुन्हा चाळताना ते कलम सापडले. मुलाला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जावे लागले तर पहिल्या शाळेने दाखला ताबडतोब द्यावयाचा. आणि तो यावयास उशीर झाला, तर त्या कारणाने दुसऱ्या शाळेला प्रवेश लांबविता येत नाही किंवा नाकारता येत नाही. मी बोट तेथेच ठेवले. नात समोर बसून शेंगा सोलत होती. मी तिला ते पुन्हा वाचून दाखविले. ती म्हणाली, "म्हंजी चुकार मेंढरावानी?"

मी कागद खाली ठेवला. आपल्या रानातली रीत तुम्हाला ठाऊक आहे. वाटेत कोणाचे चुकलेले मेंढरू आपल्या कळपात शिरले तर संध्याकाळी त्याला कळपाभोवती लावलेल्या वाघराच्या जाळीबाहेर कोणी ठेवीत नाही. आधी आत घ्यावयाचे, आपल्यांबरोबर पाणी पाजावयाचे, कानाची खूण सकाळी पाहावयाची, आणि मग धन्याला निरोप धाडावयाचा. निरोप धाडण्याचे काम धनगराचे, मेंढराचे नव्हे. ही रीत मी पाच वर्षांचा असल्यापासून पाळत आलो. माझ्या कळपात आलेले एकही मेंढरू मी कधी बाहेर ठेवले नाही, आणि माझ्या नातीला दोन वर्षे बाहेर ठेवण्यास मान डोलावली. दिल्लीतल्या शहाण्या माणसांनी आमच्या वाघराची रीत कायद्यात लिहून ठेवली होती, आणि ती ओळखली सहावीच्या पोरीने, शेंगा सोलता सोलता.

त्याच दुपारी मी अर्ज लिहावयास घेतला. शेवटची ओळ हाताला सवय होती तशी उतरली, "तरी मेहेरबानी व्हावी ही विनंती." नात खांद्यावरून वाचत होती. "आबा, कायद्यात हाय तर मेहेरबानी कशापायी?" मी तिला सांगितले की हे गुरुजींनी शिकविलेले आहे. "मग गुरुजींना ठावं नसंल," ती म्हणाली. तुमच्याबद्दल माझ्या घरात इतके उद्धट कोणी कधी बोलले नव्हते. मी रागाने तिच्याकडे पाहिले आणि नवा कागद घेतला. त्यावर ती ओळ लिहिली नाही. "प्रवेश द्यावा," एवढेच लिहून खाली सही केली.  

सोमवारी आम्ही तिघे शाळेत गेलो. मुख्याध्यापिकाबाई वाईट नाहीत, हे मला लिहिलेच पाहिजे. टेबलावर कागदांचा ढीग, बाहेर खिचडी शिजते आहे, एका मुलाचे नाक फुटले आहे, आणि त्यात आम्ही. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या, "बाबा, अक्षर किती सुंदर आहे हो तुमचं! पण माझा इलाज नाही. तिकडच्या शाळेनं कॉम्प्युटरवर नाव सोडल्याशिवाय इकडे चढत नाही." सूनबाईला त्या कलमाची पुढची ओळ तोंडपाठ होती, दाखल्यासाठी अडविणाऱ्या मुख्याध्यापकावर कारवाई होते ती. ती तोंड उघडणार एवढ्यात मी हात वर केला. बोलणे माझे होते. मी घरून शुद्ध भाषेत तीन वाक्ये पाठ करून आणली होती. त्यांतले पहिले वाक्य "महोदया" येथपर्यंत आले आणि पुढचे सगळे नाहीसे झाले. मग माझ्या तोंडून काय निघाले म्हणाल तर आमची रानातली बोली निघाली, सत्तर वर्षे दाबून ठेवलेली. "मॅडम, आमी मेंढरालाबी जाळीभाईर ठेवत न्हाई! आदी आत घेतो, खूण मागनं बघतो. तुमचं ते मशीन नाव घीना तर न घीवू द्या. पोरगी कुटं मशीनमदी बसायचीय? ती बाकावर बसायचीय!"

 मग ते नाक फुटलेले पोर फिसकन हसले, आणि मुख्याध्यापिकाबाई हसल्या. त्यांनी अर्ज पुन्हा वाचला, कलमाचा क्रमांक पाहिला, आणि केंद्रप्रमुखांना फोन लावला. बोलणे थोडेच झाले. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "हजेरीत हातानं नाव लिहून घेते आजच. दाखला मागवण्याचं पत्र शाळाच पाठवेल, तुम्ही हेलपाटे घालू नका." आणि सूनबाईकडे वळून म्हणाल्या, "गेल्या वर्षीच का नाही हो सांगितलंत?" सूनबाईने माझ्याकडे पाहिले. "घरात मोठ्या मान्साचं चालतं," ती म्हणाली. मी ते ऐकून घेतले. ऐकून घेणे भागच होते.

त्यानंतरचे दृश्य असे आहे. मी व्हरांड्यात उभा आहे, हातात चपला आहेत, कारण शाळेत चपला घालून उभे राहणे मला अजून जमत नाही. नात दुसऱ्या बाकावर बसली आहे. फळ्यावर अपूर्णांक आहेत. शेजारची मुलगी आपले पुस्तक सरकवून मध्ये ठेवते. बाई विचारतात आणि नात हात वर करते, उत्तर चुकते, पुन्हा हात वर करते. सूनबाई मला कोपराने ढोसून म्हणते, "चला आता मामंजी, का तुमालाबी नाव घालायचंय?" आम्ही दोघे रस्त्याला लागेपर्यंत हसत होतो. तिने पिरंगुटात भेळ घेतली. सासरा आणि सून रस्त्यात उभे राहून भेळ खातात असे आमच्यात चालत नाही. चालले.

संध्याकाळी नात घरी आली ती बोलतच आली. अपूर्णांकांचा छेद कसा समान करावयाचा हे तिने मला समजावून दिले. मला ते समजले नाही, परंतु मी मान हलविली. मग तिने सहज विचारले, "आबा, तुमचं अक्षर येवडं झ्याक. तुमी पाचवीला का न्हाई गेला?" या प्रश्नाचे माझे उत्तर ठरलेले आहे. बायकोला, मुलाला, सगळ्या वाडीला मी तेच दिले आहे, की गुरुजींकडून दाखला मिळाला नाही. ते माझ्या ओठावर आले. आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून मला कळले की दाखल्यावाचून वर्गात बसता येते हे पाहिलेल्या या घरात ते आता कोणी खरे मानणार नाही.

गुरुजी, तुम्ही तो दाखला घेऊन स्वतः आमच्या वाघरावर चालत आला होता. वडील 'व्हय' म्हणाले होते. पाचवीला इंग्रजी असते असे मी ऐकले होते, आणि मोठ्या गावच्या शाळेत माझ्या शेजारी बसकर टाकणारे कोणी नसणार हेही मला माहीत होते. मी तुम्हाला पाहून मेंढरांच्या पलीकडे जाऊन निजलो व ताप आल्याचे सोंग केले. तुम्ही माझ्या कपाळाला हात लावला, काही न बोलता दाखला वडिलांजवळ दिला आणि गेलात. त्या आठवड्यात मी तो चुलीत घातला.

हे मी नातीला सांगितले. तुमच्याविषयी सगळीकडे जे पसरविले ते आता कोणाकोणाकडे जाऊन दुरुस्त करू? बहुतेक जण उरलेले नाहीत. हे पत्रही कोठे पाठवावयाचे नाही, सकाळी ते तिच्या भूगोलाच्या पुस्तकाला कव्हर म्हणून घालीन, अक्षराची बाजू आत. नातीने सगळे ऐकून घेतले. मग माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकून म्हणाली, "मीबी भ्याले व्हते आबा, आज सकाळी. लई." आणि उद्याचे दप्तर भरावयास उठली.