विहिरीवरच्या बाईचं नाक

अप्पा, आज चांदीच्या चहादाणीवर माझी छिन्नी सरकली आणि विहिरीवरच्या बाईचं नाक गेलं. कुणी कधीकाळी एवढा जीव लावून उठवलेलं गाव ते. बैलगाडी, ताडावर चढणारा माणूस, उखळापाशी दोघीजणी, आणि गेलं ते नेमकं हिचंच नाक! मैलापूरच्या मामींनी चहादाणी पोचा काढायला दिली होती हो, चेहरा बिघडवायला नाही. छिन्नी खाली ठेवली तरी माझी बोटं थरथरतच होती. अय्यो अप्पा, काय घाबरले मी.

मग तुमचा हात आठवला. दुकानाच्या मागच्या खोलीत ठोक्यानं पत्रा चेपू नये म्हणून तुम्ही भांड्यात वितळलेली राळ ओतताय, ती घट्ट झाली की भांडं मांडीवर घेताय, आणि मी फिल्टर कापीचा पेला पुढे करतेय. तो तुम्ही माझ्या हातून कधीच घेतला नाहीत. "खाली ठेव गं, काम चाललेलं दिसत नाही?" म्हणून खेकसायचात. एक दिवस म्हणालात, "आजपासून चेहरे तू करायचे. मला बैल आणि झाडंच बरी." मला वाटलं, पोरगी तयार झाली म्हणून मान दिलात! कितीतरी दिवस तोऱ्यात हिंडले. पेला हातात धरलात की सांडायचा, हे तुम्ही गेल्यावर आईनं सांगितलं.

आता नाक परत उठवायचं तर राळ काढायची, आतून हलकेच ठोकायचं, पुन्हा राळ भरायची. पत्रा तिथे आधीच पातळ झालाय; एक ठोका चुकला की भोक. मामींना फोन करून सगळं सांगितलं. "असू दे गं, तूच नीट कर, दुसऱ्या कुणाच्या हातात नको," म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी अण्णा नगरला डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी हात समोर धरायला लावले, कागदावर गोल काढायला लावला. तो गोल मलाच बघवेना. या हातांखेरीज मला दुसरं येतं तरी काय, अप्पा? उद्या हे चालेनासे झाले तर मी करू काय?

हे कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून लिहून टाकते. बाईंनी तमिळमध्ये विचारलं, "घरात कुणाला होतं का असं? वडिलांना?"

मी म्हटलं, "नाही हो. त्यांचा हात शेवटपर्यंत पक्का होता."