काट्यावरचं पोतं

वस्ताद, गेल्या रविवारी सकाळी टीव्हीवर बॉक्सिंग लागलं होतं. पोरगा बघत होता, मी शेजारी चहा घेत बसलो होतो. एक गडी वरच्या वजनाचा, दुसरा खालच्या. दोघांच्या माणसांनी बसून मधलंच एक वजन ठरवलेलं, मोठ्यानं तेवढं उतरायचं आणि मग लढत. मोठा उतरला खरा, पण चौथ्या फेरीतच त्याचे पाय जड झाले. पोरगा म्हणाला, "आबा, कबूल केलतं की त्यानं, मग चीटिंग कसलं?" हेच वाक्य मी तुमच्यापुढं बोललो होतो. चहा तसाच राहिला.

आपल्याकडं कुस्तीची जोड नजरेनं लागायची. दोन गडी समोरासमोर उभे केले की तुम्ही खांदे, मान, पोटऱ्या बघायचा आणि हो किंवा नाही म्हणायचा. पण त्या वर्षी बिद्रीकडच्या जत्रेची माणसं तालमीत आली, सोबत तिकडच्या एका मोठ्या गड्याचे वस्तादही. त्यांना त्याची माझ्याशीच कुस्ती हवी होती. तुम्ही पाटावर बसून बदाम घोटत होता, हात न थांबवता म्हणालात, "तुमचा गडी चौऱ्याऐंशीचा, आमचं पोरगं चौऱ्याहत्तरचं. अठ्ठ्याहत्तरावर आणा, मग बघू." समोरचे वस्ताद म्हणाले, "आणतो की." मला केवढा आनंद झाला होता! मोठ्या गड्याशी कुस्ती आणि तीही आपल्या अटीवर. आंधळा मागतो एक डोळा, तसलं झालं.

जत्रेच्या दिवशी दुपारी गुळाच्या अडतीवर वजनं झाली. आधी मी चढलो. पंच्याहत्तर. सकाळीच तालमीतल्या काट्यावर चौऱ्याहत्तर भरलं होतं. मी खाली बघितलं. पायाखाली ओलं पोतं होतं. गूळ चिकटू नये म्हणून अडतवाले ते काट्यावर टाकून ठेवतात आणि हिशेबात बारदान म्हणून तेवढं वजन वजा करतात. गुळाचं वजा करतात, माणसाचं कोण करणार? मी उतरलो. मग तो चढला. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. एकोणऐंशी. त्याच्या वस्तादांनी मान खाली घातली, त्याच्या अंगावर घोंगडं टाकलं आणि त्याला चैताच्या उन्हात अडतीच्या आवारात पळायला लावलं. तासभर तो पळत होता, थुंकत होता. मी सावलीत बसून केळी खात होतो. दुसऱ्यांदा चढला तेव्हा काटा अठ्ठ्याहत्तरावर आला आणि तुम्ही स्वतः त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिलात. दोन घोटांच्या पुढं त्याला ते पाणी जाईना.

संध्याकाळी कुस्ती पाच मिनिटं टिकली नाही. मी त्याचा पाय धरून पट काढला तेव्हा त्याचा हात माझ्या मानेवर आला, पण त्या हातात पकड नव्हती. तो पाठीवर पडला आणि लोकांनी मला खांद्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या चुलीपाशी मी फेटा बांधून मिरवत होतो. तुम्ही दूध तापवत होता. "काढ तो फेटा," म्हणालात. "तू न्हाय पाडलंस त्येला. उपाशी पोटानं पाडलं." मी म्हणालो, "पण कबूल केलतं की त्यांनी, वस्ताद." तुम्ही आवाज चढवला नाहीत. "गरजवंताला अक्कल नसती. कबूल करणं येगळं आन झेपणं येगळं. अट मी घातली, पाप माझं." दूध उतू गेलं तरी तुमचं लक्ष नव्हतं. त्यानंतर तुम्ही वजनाची अट घालून एकही जोड लावली नाहीत. त्यापायी तालमीच्या हातून किती कुस्त्या गेल्या. लोक म्हणायचे, म्हातारा हट्टी झाला.

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मी तुमचे पाय चेपत बसायचो. एकदा म्हणालात, "त्या गड्याला भेटायचं ऱ्हायलं." तेव्हा तरी सांगायला हवं होतं. अट तुमची होती हे खरं, सहा किलोंचा अन्याय तुमच्या नावावर लागेल. पण सातवा किलो, त्या ओल्या पोत्याचा, माझा होता, वस्ताद, आणि तो मी तुम्हालाच वाहायला लावला. मला लाज वाटते. तुम्ही गेल्यापासून तालमीतल्या पोरांची वजनं मीच घेतो. आधी काटा रिकामा करतो, फडक्यानं पुसतो. पोरं हसतात.

तो गडी कसबा बावड्यात असतो, कारखान्याच्या रस्त्याला त्याची दुधाची डेअरी आहे. मी आठवड्यातून दोनदा तिथून जातो. परवा गाडी थांबवलीसुद्धा. "या की पावणं," म्हणाला. त्यानं मला ओळखलं नाही. मी अर्धा लिटर दूध घेतलं आणि घरी आलो. हे पत्र खरं तर त्याचं आहे. तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही ते वाचणार नाही.