साठची की छप्पन्नची?

शनिवार संध्याकाळ, जुईनगर

उद्या राज्याच्या गोल्फ संघाची निवड आहे. वाळूच्या खड्ड्यातून चेंडू काढायला कुठली वेज, म्हणजे तिरक्या तोंडाची काठी, न्यायची, यावरून आज खारघरच्या मैदानावर बाबांशी वाजलं. त्यांना साठ अंशांची हवी, चेंडू उंच उडतो म्हणून. माझ्या हातून तिचा एक फटका बसतो, दुसरा फसतो. छप्पन्नची कमी उडवते, पण बाहेर काढते.

"घाबरतेस तू साठला," बाबा म्हणाले.

घाबरते का मी? बहुतेक हो. पण खोटं धाडस कुणाला दाखवायचं?

"खेळणार मी आहे बाबा, तुम्ही नाही." बोलून गेले. बाबांनी स्वतःच साठची माझ्या बॅगेतून काढून गाडीत ठेवली.

टेन्शन उलट वाढलंय. उद्या चेंडू वाळूतच राहिला, तर बाबांवर ढकलता येणार नाही.