डोलकाठीवरची परात

बाबा, काल मुरूडला घरी आले आणि सकाळपासून तुमच्याशीच वाद घालते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी. सोमवारी आमच्या सरांना हो की नाही ते सांगायचं आहे.

तुम्ही आईची परात कापलीत, तिचे तुकडे एकमेकांत आडवेउभे बसवलेत आणि होडीच्या डोलकाठीवर चढवलेत, तो दिवस आठवतो. मी चुलीपाशी भाकरी खात बसले आहे. आई दारातून ओरडते, "अवो, मासं काय परातीत जेवाया येनार हायत?" तुम्ही हसता. "मासं न्हाय गं, मोठी जहाजं. धुक्यात त्यांच्या रडारला आपन दिसलो पायजे. न्हाय तर चिरडून जातील, त्यांना कळनार पन न्हाय." मग नवी परात येईपर्यंत आई ताटात भाकऱ्या थापत होती आणि दर भाकरीला तुमचा उद्धार करत होती.

माझं काम सांगते, खरं तर मलाच नीट समजावं म्हणून. प्रयोगशाळेत आम्ही बारीक नळ्यांत पाऱ्यासारखा वाहणारा एक धातू भरतो. या नळ्या म्हणजेच आमची अँटेना; पंपाने धातू मागेपुढे सरकवला की तिचा आकार बदलतो, आणि अंगावर आलेली रडारची लहर कुठे विखरायची ते आपल्या हातात येतं. आल्या वाटेने जोरात परत पाठवली, तर छोटी होडीही ठळक दिसते. भलतीकडे वळवली, तर रडारला जवळजवळ काहीच दिसत नाही. मी या कामात आले ती पहिल्यासाठी. पुढचा टप्पा फक्त दुसऱ्याचा, लपवण्याचा आहे, आणि त्यात राहणार का, तेच सोमवारी सांगायचं आहे. सर म्हणाले, "मॅडम, आपण नळ्या भरायच्या. कुणाला लपवायचं ते लपवणारे बघतील."

पण लपणारा वाईटच असतो का? पहाऱ्याच्या बोटीवरही खलाशी असतात. आपला बाप शत्रूला दिसू नये, असं त्यांच्या मुलींना वाटत असेलच. हे मला पटतं, आणि चहा होईपर्यंत पटेनासं होतं. तुम्ही काय म्हणाला असतात तेही ठरवता येत नाही. मी कल्पनेत तुमच्या तोंडी घालते ती वाक्यं माझीच असतात.

नाही म्हणायचं ठरवूनच लिहायला बसले होते. हे कुठे धाडायचं नाही, म्हणून सांगते. परवाच्या चाचणीत पडद्यावरची रेघ एकदम खाली बसली, आमच्या नळ्या लावून समोर ठेवलेला पत्रा रडारच्या लेखी नाहीसा झाला, तेव्हा सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली ती मी.