फोटोतलं पावणेतीन

२ सप्टेंबर

झाली सुरू! सकाळी दहाला बटण दाबलं आणि 'डावीकडे' जगाला खुली झाली. दुपारपर्यंत जगातून चार जण आले. त्यातला एक मी. दुसराही मीच, आईच्या फोनवरून.

साइट काय आहे हे आठ दिवसांत इतक्यांना सांगितलंय की इथेही एकदा लिहून मोकळा होतो: डावखुऱ्या माणसांना लागणाऱ्या वस्तू कुठे मिळतात ते शोधून देणारी जागा. कात्र्या, सोलाणी, उजव्या बाजूला तार असलेल्या वह्या, डाव्या हाताचा माउस. आपण विकायचं काही नाही. फक्त पत्ता द्यायचा.

बाबा आपल्या शिंपीकामाच्या दुकानात शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "म्हणजे तू दुकानाबाहेर उभा राहून लोकांना दुसऱ्या दुकानाचा रस्ता सांगणार."

म्हटलं, हो!

"आणि त्यासाठी कॉलेज सोडलंस."

त्यासाठी नाही सोडलं. प्रयोगशाळेत सरांनी माझी वही सगळ्यांसमोर भिरकावली आणि मी सरांची भिरकावली, म्हणून सोडलं. सात महिने झाले. त्या दिवशी बाबांनी एक ठेवून दिली होती — त्यांची नेहमीची, थेट उजव्या गालावर. दोन दिवस उजव्या कानात मशीन चालू होतं.

३ सप्टेंबर

बाबांचा निकाल आला. "तीस तारखेपर्यंत मला एक माणूस दाखव. याचा खरंच उपयोग झाला असा. एकच! तुझा मित्र नको, तुझा मामा नको. नाही दाखवलास तर एक तारखेला मुकाट कॉलेजात जाऊन बसायचं."

एक? शंभर दाखवतो म्हटलं.

आई म्हणाली, "आधी जेव."

५ सप्टेंबर

चष्म्याने आज पुन्हा विचारलं. (चष्मा म्हणजे माझा मित्र. साइटचं निम्मं काम त्याचं. चष्मा कायम कपाळावर, डोळ्यांवर कधीच नाही.) "लेका, तू उजवा, मी उजवा. हे डाव्याचं खूळ आलं कुठून?"

बाजारात पोकळी आहे, असं सांगितलं. चेहरा अगदी गंभीर ठेवून.

पोकळी कसली! ती आहे. आमच्याच गावात राहते, चिनी मातीच्या कपांवर चित्रं रंगवते आणि त्याचे व्हिडिओ टाकते. मी सगळे पाहिलेत. काही अकरा वेळा. ब्रश डाव्या हातात, मनगट जरासं वाकलेलं, आणि रेघ अशी निघते की बघणाऱ्याने श्वास घ्यायचं विसरावं. एका व्हिडिओत तिने साधी कात्री घेऊन कागद कापला आणि "ही कात्री माझ्या जिवावर उठलीये" असं म्हणाली. त्याच दिवशी ठरलं. डावखुऱ्या माणसांवर केवढा अन्याय आहे!

पहिल्या पानावरचा फोटो तिच्या हाताचा आहे. व्हिडिओतून घेतला. चेहरा नाही, फक्त हात, ब्रश आणि मागच्या भिंतीचा तुकडा. परवानगी? त्यासाठी आधी बोलावं लागेल.

८ सप्टेंबर

प्रतिक्रिया यायला लागल्या. पानाखाली चौकट आहे — 'मोकळेपणाने सांगा'. लोक फारच मोकळे निघाले.

पहिली: "छान. प्रगती कर." हा मामा. त्याने साइट उघडलेली नाही, कारण त्याला पत्ता पाठवायचा राहिला होता. आईने चौकट उघडून दिली असणार.

दुसरी: "माझी उजवी चप्पल हरवली आहे. फक्त उजवी मिळेल का?" अहो, निदान डावी तरी हरवायची!

तिसरी: "आमच्या ह्यांना दोन्ही हातांनी काही येत नाही. त्यांच्यासाठी काही आहे का?" बाईंना उत्तर लिहिलं: शोध चालू आहे.

चौथी: "फोटोतल्या घड्याळात पावणेतीन वाजलेत. ऊन मात्र सकाळचं आहे. काहीतरी उलटं झालंय, तपासा."

ही वाचून हसावं की डोकं आपटावं? साडेतीनशे वस्तू, एकेक शोधून लावलेली — आणि हा गृहस्थ भिंतीवरचं घड्याळ बघतोय! घड्याळावर आकडेसुद्धा नाहीत, नुसत्या रेघा. ऊन तपासणारा माणूस! याच्या घरच्यांची दया येते.

११ सप्टेंबर

आईची प्रतिक्रिया, तोंडी: "अक्षरं बारीक आहेत रे. आणि तू बारीक झालायस."

१२ सप्टेंबर

घड्याळवाला पुन्हा आला. "घड्याळाचं अजून तसंच आहे." बास. एवढंच. वर पाचपैकी तीन तारे. एक घड्याळासाठी कापला असणार, दुसरा कशासाठी ते लिहिलेलं नाही.

कात्र्या बनवणाऱ्या एका कारखान्याला पत्र टाकलं होतं, त्यांनी बघायला म्हणून शिवणकामाची मोठी डाव्या हाताची कात्री पाठवली. काय वस्तू आहे! पाती उलटी बसवलेली, कड्या डाव्या बोटांना बसतील अशा. मी धरली तर कापड कापायच्या ऐवजी चावत होती. म्हणजे अस्सल आहे.

ही तिला द्यायची. रंगीत कागदात बांधून ठेवली.

१५ सप्टेंबर

ती दुकानात आली!!

नीट लिहितो. चार वाजता आली. काम करताना घालायचा एप्रन शिवायचाय. दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या. मी काउंटरपाशी पुतळा होऊन उभा. ती मला म्हणाली — माझ्याशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य — "जरा सरकता का?"

सरकलो. असा सरकलो की बटणांचा डबा सांडला.

बाबांनी माप घेतलं. ती म्हणाली, "काका, खाली जरा सैल ठेवा, आणि ब्रश ठेवायला एक खोल खिसा हवा." पुढचं ऐकलं नाही, मी टेबलाखाली बटणं वेचत होतो. ती गेल्यावर बाबांची मापाची वही बघितली. खिसा: उजवा.

उजवा! डावखुऱ्या मुलीला उजवा खिसा! याचसाठी साइट काढावी लागते. गिऱ्हाईक समोर आलं की बाबांचं पेन आपोआप उजवीकडे वळतं. मी ते खोडून 'डावा' केलं. कुणाला काही बोललो नाही. प्रेम असंच करायचं असतं, गुपचूप, खिशाएवढं.

१९ सप्टेंबर

घड्याळवाला तिसऱ्यांदा! "घड्याळ उलटं आहे म्हणजे हातही उलटा आहे. साइट डावखुऱ्यांची आहे म्हणून सांगतेय, बाकी काही नाही."

सांगतेय. म्हणजे बाई आहे. असेना! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. उत्तर ठोकलं: "आपल्याला घड्याळांची एवढी आवड असेल तर कृपया घड्याळांच्या साइटवर जावे. येथे माणसांना मदत केली जाते."

चष्मा म्हणाला, "पाठवू नकोस."

पाठवलं.

२३ सप्टेंबर

सात दिवस उरले. माणूस शून्य. आज बँकेच्या रांगेत एक जण डाव्या हाताने फॉर्म भरताना दिसला. मी त्याच्या खांद्यावरून डोकावून विचारलं, "त्रास होतो ना?" त्याने फॉर्म छातीशी धरला आणि पहारेकऱ्याकडे बघितलं.

साइटची पत्रकं छापून आणली. पहिल्या पानाचाच फोटो, खाली पत्ता. गठ्ठा दुकानाच्या काउंटरवर ठेवला. बाबांनी त्यातलं एक उचललं, उलटसुलट बघितलं आणि खिशात टाकलं. मशीनला तेल देताना खाली धरायला कागद लागतो त्यांना.

२७ सप्टेंबर

लिहायची इच्छा नाही. लिहितो.

ती एप्रन न्यायला आली. घालून आरशासमोर उभी राहिली. हात खिशात घालायला गेला — उजवा हात, उजवीकडे. तिथे खिसा नाही. पुन्हा चाचपलं.

"काका, खिसा या बाजूला सांगितला होता ना?"

बाबांनी वही उघडली. खोडलेला उजवा, वर माझ्या अक्षरात डावा. बाबांनी माझ्याकडे बघितलं. माझा गाल आधीच गरम झाला.

"मी केलं," म्हटलं. "तुम्ही डावखुऱ्या आहात ना, म्हणून..."

"मी? कोण म्हणालं?"

"तुमच्या व्हिडिओंत..."

ती काही बोलणार एवढ्यात तिची नजर काउंटरवर गेली. तिने पत्रक उचललं. उजव्या हाताने.

"हा माझा हात आहे," ती म्हणाली. अगदी शांतपणे. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आणि ही माझी भिंत. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढते मी व्हिडिओ. माझ्या फोनवर ते आरशासारखे उलटे येतात. घड्याळात सव्वानऊ वाजलेत. तुम्हाला तीनदा कळवलं. तिसऱ्यांदा तुम्ही मला घड्याळांच्या साइटवर जायला सांगितलंत."

"पण ती कात्री... जिवावर उठलीये म्हणालात..."

"बोथट झाली होती."

बाबांचा मशीनवरचा पाय थांबलेला.

"फोटो काढून टाका," ती म्हणाली. "आधी विचारायचं असतं." मग बाबांकडे वळून, "काका, खिसा उजवीकडे. घाई नाही, परवा येते."

गेली. बाबांनी डाव्या खिशाचे टाके उसवायला घेतले. मला वाटलं, आता पडणार. पडली नाही. नुसते म्हणाले, "तीन दिवस राहिले."

थप्पड परवडली असती.

२८ सप्टेंबर

फोटो काढून टाकला. तिला माफीचं पत्र लिहिलं, चार ओळी, एकही उपमा नाही. उत्तर आलं: "ठीक आहे." शेवटी पूर्णविराम.

चष्म्याला सगळं सांगितलं. तो इतका हसला की कपाळावरचा चष्मा घसरून नाकावर आला. पहिल्यांदाच जागेवर बसला. म्हणाला, "लेका, अख्ख्या साइटवर एकाच माणसाने मनापासून प्रतिक्रिया दिली. आणि तू तिलाच हाकललंस!"

त्यालाही हाकललं.

२९ सप्टेंबर

कॉलेजचा फॉर्म आणला. आईने न विचारता पेन पुढे केलं.

रंगीत कागदातली कात्री दुकानातल्या चिंध्यांच्या पेटीत फेकली. पडू दे तिथे. तीस तारीख उद्या आहे आणि माझा माणूस अजून जन्माला यायचाय.

३० सप्टेंबर

मुद्दाम उशिरा गेलो दुकानात. रंगीत कागद टेबलावर, नीट घडी घातलेला. बाबा उभे राहून कापड कापत होते. फेकलेल्या कात्रीने. डाव्या हाताने. खडूच्या रेघेवरून सरळ, थांबा नाही, आणि खाली सरावाच्या चिंध्यांचा ढीग.

"कधीपासून?" एवढंच सुचलं.

"लहानपणापासून. ज्यांच्याकडे काम शिकलो त्यांनी डाव्या हाताची सवय लाकडी पट्टीने सोडवली. बेचाळीस वर्षं झाली."

एकूण एक थप्पड उजव्या गालावर खाल्ली — आणि डावखुरा माणूस शोधत मी गावभर फिरलो!

बाबांनी खिशातून माझं पत्रक काढलं. तेलाचा डाग नव्हता त्यावर. "हिची धार गेली तर लावून कुठे मिळते? तुझ्या त्या साइटवर सगळीकडे बघितलं. नाहीये. लिहून घे."