यादीत नसलेलं नाव

११ जुलै
धानाची रोवणी सुरू, आशा कार्यकर्तीला बायका घरी सापडत नाहीत. बांधावरून हाका मारल्या. संगीता पाळणा लांबवायच्या तीन महिन्यांच्या सुईला दोन दिवस उशीर करून बसली, म्हणून सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. तिला दोन लेकरं, जेमतेम वर्षाच्या अंतराची. "तिसरं हवं का लगेच?" असंही बोलले. बिचारी चिखलाचे हात धुऊन गुपचूप माझ्यामागे उपकेंद्रात आली.
घरी येऊन तिची पुढची तारीख लिहिताना हात थांबला. माझी स्वतःची सुई ५ मे ला होती. ती राहूनच गेली.

१२ जुलै
५ मे ला मीच चौघींना घेऊन गेले होते. तेंदूपत्त्याचे दिवस, त्यांना पानांचे पुडे बांधायला परतायची घाई. नर्सबाईंनी विचारलं, "आणखी कोण?" मी म्हटलं, "झाल्या सगळ्या."
सुईच्या यादीत माझं नाव कधी लिहिलंच नाही. सुई सासूबाईंपासून लपवलेली. त्यांना वाचता येत नाही, पण रेशनकार्डावर बघून बघून माझं नाव तेवढं ओळखतात. म्हणून तारीख डोक्यात ठेवली होती. शहाणी!

१५ जुलै
माझी चिऊ दूध ओढत नाही, तोंड फिरवते. दिवस राहिले की दूध बदलतं म्हणतात. सासूबाईंच्या नजरेतून सुटलं नाही. "लेकरू अंगावर काऊन पिऊन नाई राह्यलं?" मग हसल्या. "चांगलंच हाय. एका हातासरशी दोन्ही वाढून जातीन."
त्यांना चार झाली, सगळी घरी. चिऊच्या वेळी माझं पोट कापलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, तीन वर्षं दुसऱ्याचं नाव काढू नका. चिऊ अजून अकरा महिन्यांची आहे. फोडणीचा वास सहन होत नाही. भीती वाटते, फार.

१८ जुलै
ह्यांना गडचांदूरला फोन केला. मागे खाणीच्या गाड्यांचा आवाज. "बोल लवकर." म्हटलं, चिऊला दात आला.
तिकडे जाऊबाई पाळणा लांबवायच्या गोळ्या मेडिकलमधून आणतात, कोणी ओळखत नाही. इथे गोळ्या वाटणारी मीच. दिवस गेलेत का ते तपासायचं किटही माझ्याच पिशवीत, पण रजिस्टरात नाव लिहिल्याशिवाय द्यायचं नाही. गावातल्या प्रत्येकीचे दिवस मला पाठ. माझं ऐकायला एक माणूस नाही.

२१ जुलै, सकाळी
सासूबाई रोवणीला गेल्या. संगीता दारात. सुईचं कार्ड त्या दिवशी माझ्याकडेच राहिलं होतं. कार्ड देताना म्हटलं, "त्या दिवशी जास्तच बोलले गं."
"जाऊ द्या ना, ताई." मग सहज विचारलं तिनं, "तुमची सुई कधी राह्यते?"
आशाताईला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. रडू फुटलं. सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता ती सुनावेल, आणि तिचा हक्कच होता. तिनं चिऊला कडेवर घेतलं. "जा, पाहून घ्या. मी आहो इथी. कोनाले नाई सांगत."
रजिस्टरात माझं नाव लिहिलं. पूर्ण, आडनावासकट. किट खिडकीत ठेवलं आहे. बायकांना सांगते, पाच मिनिटं थांबा, मधेच डोकावू नका. म्हणून हे लिहीत बसले आहे. बाहेर संगीता चिऊला चिमण्या दाखवते आहे. चार मिनिटं झाली.