शुक्रवारचे श्राद्ध, शनिवारचा सामना

नाना,

मायना लिहिलेला नाही. तुमच्या नावामागे लावायचे मानाचे शब्द आज कागदावर उतरवायला हात धजला नाही, म्हणून स्वयंपाकघरातून आम्ही सारे ज्या नावाने तुम्हाला हाक मारीत असू, त्याच नावाने लिहितो. आज दुपारी तुमच्या सुनेचे वर्षश्राद्ध केले. इथे गुरुजी मिळत नाहीत, त्यामुळे तुम्ही शिकविलेत तसे मीच केले. संकल्पात कुठे अडखळलो नाही, दर्भ पुण्याहून मागवून ठेवले होते, पिंड मागच्या अंगणात ठेवले आणि कावळ्याआधी एका खारीने त्यातला भात पळविला, एवढेच काय ते न्यून राहिले. पंचांगाच्या दृष्टीने माझे काहीही चुकलेले नाही. तरीही पाच वाजायच्या आत बाहेर अंधारून आले आहे, मी दिवा लावून टेबलाशी बसलो आहे, आणि तुम्ही हयात असता, या क्षणी समोर असता, तर मला मान वर करता आली नसती.

कारण सांगायलाही संकोच वाटतो. उद्या, शनिवारी, सामना आहे. मी राहतो ते गाव विद्यापीठाचे. स्टेट कॉलेज हे गावाचेच नाव. शरद ऋतूतले इथले सगळे शनिवार विद्यापीठाच्या संघाच्या मालकीचे असतात. त्या खेळाला इथले लोक फुटबॉल म्हणतात, परंतु चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि बहुतेक वेळ तो पायांत नसून हातांत असतो. इतकी वर्षे इथे नोकरी करून मी त्या खेळाकडे ढुंकून पाहिले नव्हते. तुमची सून मात्र पाहत असे. संघ परगावी खेळायला गेला की इथे शिकणारी मराठी मुले-मुली आमच्याकडे जमत, कारण आमचा टीव्ही मोठा होता आणि तिची मिसळ प्रसिद्ध होती. कांदा चिरता चिरता तिने त्या मुलांकडून सगळे नियम शिकून घेतले. शुक्रवारी संध्याकाळी ती हवामानाची वाहिनी लावून बसे आणि म्हणे, "वारा आडवा आहे. उद्या लांबची फेक विसरा, चेंडू पोटाशी धरा आणि पळा." मी आतल्या खोलीतून आवाज कमी करायला सांगत असे.

ती गेल्यानंतर या वर्षीचा हंगाम सुरू झाला, तेव्हा ती मुले दारात आली. हातात बाहेरून आणलेल्या पिझ्झ्याचे खोके होते. "काका, आम्ही इथे बघितलं तर चालेल का?" मी सौजन्य म्हणून हो म्हटले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत यजमान या नात्याने बसलो. पुढच्या वेळी एक नियम विचारला. त्याच्या पुढच्या वेळी खुर्ची थोडी पुढे ओढली. दिवाळी आली तेव्हा दारात पणती लावली नाही, गोडाचे काही केले नाही, सगळे रीतीप्रमाणे पाळले. पण त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी हवामानाची वाहिनी लावून बसलेला माणूस मी होतो. करमणूक वर्ज्य असलेल्या वर्षात मी शनिवारची वाट पाहू लागलो होतो, नाना, आणि ते माझ्या लक्षात आल्यावरही थांबलो नाही.

तुमचे वर्ष मला आठवते. आई गेल्यावर तुम्ही रेडिओ कपाटावर उंच ठेवून दिला आणि वर तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा पांघरला. मी नुकताच कॉलेजात जाऊ लागलो होतो. एके दिवशी चौकातल्या दुकानापाशी कसोटी सामन्याचे समालोचन ऐकत उभा राहिलो आणि घरी उशिरा आलो. तुम्ही आवाज चढविला नाहीत. "तुझ्या आईला जाऊन वर्ष झालेले नाही," तुम्ही म्हणालात. "तुझ्या कानांना तेवढेही थांबता येत नाही?" त्या दिवसापासून मी दुकानासमोरचा रस्ताच सोडला. आणि मग वर्ष सरत आले असताना, एका संध्याकाळी मी सायकल लावून आत येतो आहे, तुम्ही कोर्टातून येऊन ओटीवर बसला आहात, पायांत अजून वहाणा आहेत. शेजारच्या घरात रेडिओ चालू आहे, पण शब्द कळत नाहीत, नुसता गलबला ऐकू येतो आहे. माझ्याकडे न पाहता तुम्ही विचारता, "फॉलोऑन टळला का?"

"टळला," मी म्हणालो. रस्ता सोडला असला तरी बातमी कॉलेजात कळतच होती.

तुमच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटले ते मी आईच्या आजारपणानंतर प्रथमच पाहिले. मग तुम्ही उठलात, पाय धुतलेत आणि त्या रात्री पानावर बसला नाहीत. दुसऱ्या दिवशीही उपाशीच कोर्टात गेलात. घर सांभाळायला आलेल्या आत्याने मला एवढेच सांगितले, "आज तो जेवायचा नाही. का ते विचारू नकोस." मी कधी विचारले नाही. तुमच्याकडून एक प्रश्न निसटला आणि तुम्ही लगेच त्याचे प्रायश्चित्त घेतलेत. माझे तसे झालेले नाही. मी आधी योजना केली.

ती योजना आता सांगतो. तिथीवरून आमच्या घरात एक जुना वाद होता. तिची बहीण दर वर्षी पुण्याहून भिंतीवरचे कॅलेंडर पाठवीत असे आणि तुमची सून त्यावर जे छापले असेल तेच प्रमाण मानी. संकष्टी असो की एकादशी, कॅलेंडरवर मंगळवार तर मंगळवार. मी तिला सांगत असे की तिथी ही चंद्रावर ठरते, छापखान्यात ठरत नाही. आपण भारताच्या साडेदहा तास मागे आहोत, तेवढे वजा केले तर पुष्कळदा तिथी आदल्या दिवशी येते. ती म्हणे, "माझी बहीण ज्या दिवशी उपास करते त्या दिवशी मी करणार. चंद्राचं तुम्ही बघा." ती गेली आणि मासिक श्राद्धाची वेळ आली, तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन त्या कॅलेंडरसमोर उभा राहिलो, पण वजाबाकी करवेना. त्या महिन्यात तिचा दिवस धरला. मग दर महिन्याला तिचाच धरीत आलो. त्यात मला थोडेफार समाधान होते, असे म्हणायला हरकत नाही.

उद्याच्या सामन्याची तिकिटे मुलांनी उन्हाळ्यातच घेतली होती. प्रतिस्पर्ध्यांचे मैदान इथून मोटारीने आठ तासांवर आहे, तिथे आमचा संघ क्वचितच जिंकतो, आणि नोव्हेंबरात तिथली हवा पाहुण्यांना मानवत नाही. गेल्या पंधरवड्यात त्या मुलांपैकी नागपूरची एक मुलगी घरी आली. तिच्यासोबत मुंबईचा एक उंच मुलगाही होता. दोघेही इथे संशोधन करतात.

"काका, एक तिकीट एक्स्ट्रा आहे," ती म्हणाली. "एकानं कॅन्सल केलं, त्याची मंडेला एक्झाम आहे. तुम्ही चला ना."

"पहाटे निघायचं, ड्राइव्ह मी करतो," मुलगा म्हणाला.

"तू करतोस म्हणूनच तर काका घाबरून राहिलेत."

मी म्हणालो, "त्याच दिवशी हिचे वर्ष आहे."

"सॉरी काका, आमच्या लक्षातच नाही आलं," ती म्हणाली आणि दाराकडे वळली. विषय तिथे संपला होता. त्यांनी तो संपविला होता. तेव्हा मी मागून म्हणालो, "थांबा. तिथी एकदा पाहावी लागेल."

माझ्या पद्धतीने, म्हणजे साडेदहा तास वजा करून, तिथी शुक्रवारी येत होती. हिशेब निर्दोष होता. वर्ष शुक्रवारी पुरे झाले की शनिवारी मला कसलेही बंधन उरत नव्हते. माझा मुलगा तिकडे पश्चिम किनाऱ्यावर, बॉथेलला असतो, त्याला फोन करून दिवस कळविला. तो म्हणाला, "बाबा, मंथली तर आपण आईच्या कॅलेंडरने करत होतो ना? त्यावर सॅटर्डे आहे. माझ्या फ्रिजवर पण तेच लावलंय."

"शास्त्राप्रमाणे शुक्रवारच बरोबर आहे," मी म्हणालो.

"ओके. यू नो बेस्ट." त्याच्या आवाजात उपरोध नव्हता. तो असता तर बरे झाले असते.

आज जेवायला तिकीट घेऊन आलेल्या त्याच दोघांना बोलाविले होते. तांदळाची खीर, वडे, कढी, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी. सगळे मी केले, गवार अर्थात गोठविलेली. पाने वाढली आणि मी खीर आणायला आत गेलो, तर बाहेर त्यांची कुजबुज चालू.

"सकाळचा अपडेट बघितलास? आता स्लीट म्हणतायत. पाऊस आणि बर्फ मिक्स."

"हळू बोल ना. श्राद्धाचं जेवतोयस."

"हळूच बोलतोय. आपला क्वार्टरबॅक कॅलिफोर्नियाचा आहे यार. त्यानं स्लीट फक्त टीव्हीवर बघितलाय."

"मग ग्लोव्हज घालेल."

"ग्लोव्हज घालून बॉल फेकणार कसा? तू ग्लोव्हज घालून पोळ्या लाटून दाखव."

मी खिरीचे पातेले घेऊन बाहेर आलो. श्राद्धाच्या पंगतीत यजमानाने काय बोलावे आणि काय बोलू नये, हे तुम्ही मला मुंजीनंतर शिकविले होते. मी मुलीच्या पानावर वाकलो, खिरीचा डाव हातात होता, आणि म्हणालो, "वारा कोणत्या दिशेचा आहे?"

दोघांनी वर पाहिले. "काका?"

"मैदानाच्या लांबीने वाहत असेल तर निम्मा सामना तो आपल्या पाठीशी राहील," मी म्हणालो. "आडवा असेल तर मात्र लांबची फेक विसरा. चेंडू पोटाशी धरा आणि पळा."

मुलगा म्हणाला, "एकदम काकू बोलल्यासारखं वाटलं." आणि ती मुलगी हसली, तोही हसला, आणि नाना, मीही हसलो. डाव हलला, खीर पानाबाहेर सांडली. भिंतीवर ते कॅलेंडर होते, त्यावर तिची तिथी उद्याच्या चौकोनात छापलेली होती, आणि आजची तिथी मी तासाभरापूर्वी संकल्पात माझ्या तोंडाने उच्चारली होती. शेवटी रीतीप्रमाणे विचारले, "तृप्त झालात का?" मुलगी म्हणाली, "हो काका, एकदम फुल." मग ती पाने उचलताना हळूच म्हणाली, "काकूंसाठी म्हणून चला. त्यांना किती आवडलं असतं." मी म्हणालो, "हो. तिच्यासाठीच येतो." तिचे डोळे भरून आले. मी दुसरीकडे पाहिले.

ते गेल्यापासून मी इथे बसलो आहे. तिच्या कॅलेंडरप्रमाणे उद्या तिचा दिवस आहे आणि त्या दिवशी घरात दिवाही लागणार नाही. मी आठ तासांवर कोणत्यातरी परक्या मैदानात हजारो अनोळखी माणसांत उभा असेन, बर्फ नि पाऊस तोंडावर घेत. हवामानाची वाहिनी बाहेरच्या खोलीत चालू आहे. वारा आडवाच आहे. पत्राच्या सुरुवातीला मी मनाशी ठरविले होते की उद्या दिवसभर काही खाणार नाही, तुम्ही खाल्ले नाहीत तसे, आणि तेवढ्यावर तुमच्यासमोर उभा राहू शकेन. हे वाक्य लिहून पाहिले, आता खोडतो आहे. थालीपिठांचे पीठ मी दुपारीच भिजवून ठेवले आहे. थंडीत भूक फार लागते, असे तो मुंबईचा मुलगा म्हणाला होता.

हा कागद घडी करून पंचांगात ठेवतो. तिथे तो कुणी उघडणार नाही. फक्त एक दुरुस्ती करायची राहिली. तिच्यासाठी येतो असे मी त्या मुलीला सांगितले. नाना, ते खरे नव्हते. मलाच जायचे आहे.